जुन्या पेट्रोल गाडीचे इंजेक्टर घरी काढणं, साफ करणं आणि बदलणं

सिग्नलला उभी गाडी थरथरते, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की आधी अडखळते आणि मग उचलते, ॲव्हरेज हळूहळू खाली आलेलं असतं. गॅरेजमध्ये दाखवलं की बोनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं : ‘इंजेक्टर गेलेत, सेट टाकावा लागेल.’ कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष प्लगमध्ये, हवेच्या गळतीत किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये निघतो, आणि उरलेल्या वेळी इंजेक्टर फक्त साफ करून भागतं. पाना हातात धरता येत असेल, घाई नसेल आणि एक मोकळा रविवार असेल तर हे काम घरी होण्यासारखं आहे.

कोणत्या गाडीवर हात घालायचा

हा लेख एमपीएफआय पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांत प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक पोर्टवर (हवा आत जाण्याच्या तोंडावर) पेट्रोलचा फवारा मारणारा एकेक इंजेक्टर असतो. आपल्याकडे २०००च्या आसपास कार्बोरेटर मागे पडले आणि मारुती ८००, झेन, वॅगन आर, सँट्रो अशा गाड्या याच पद्धतीवर आल्या. मारुती ८०० तीन सिलिंडरची, म्हणून तिला तीन इंजेक्टर. जुन्या वॅगन आर आणि सँट्रोला चार. या गाड्यांत टाकीतला पंप साधारण अडीच ते तीन बार दाबाने पेट्रोल वर पाठवतो. हा दाब जपून हाताळला तर घरच्या कामात बसणारा आहे.

कॉमन रेल डिझेलला मात्र घरी हात लावू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. सुईएवढ्या भोकातून निघालेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट, कधी हातही, गमवावा लागतो. शिवाय त्यातल्या बऱ्याच इंजेक्टरना स्वतःचा कोड असतो, तो स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी नवी जीडीआय इंजिनंही याच कारणाने बाजूला ठेवा.

आधी खात्री : दोष इंजेक्टरचाच आहे का?

या टप्प्यावर अर्धा दिवस गेला तरी चालेल. इथे वाचवलेला वेळ पुढे नको असलेल्या पार्टच्या बिलात जातो.

सुरुवात स्वस्त गोष्टींपासून करा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. प्लग काढून ओळीने मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर बरा चालला आहे. काळी, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमकुवत आहे. एकच प्लग पांढुरका आणि बाकीचे तपकिरी असतील तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळत असण्याची शक्यता मोठी. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा. करंट गळत असेल तर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप हाताने वाकवून बघा. पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर वाकवलं की चिरा उघड होतात.

मग कोणता सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे नीट पेट घेत नाही, ते शोधायचं. इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून एकेका इंजेक्टरचा कपलर (वायरीचा जोड) काढा आणि परत लावा. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला आहे. जुने मिस्त्री यासाठी प्लगची वायर उपटतात. तसं करू नका. झटका बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. इंजेक्टरचा कपलर काढला की पेट्रोलच बंद होतं, त्यामुळे ही भीती नाही.

मेलेला सिलिंडर सापडला की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावा. टिक-टिक-टिक असा स्पष्ट ठेका ऐकू आला पाहिजे. बाकीच्यांवरही ऐका आणि तुलना करा. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून बाही, ओढणी, केस लांब ठेवा. आवाज येत नसेल तर इंजिन बंद करा, कपलर काढा आणि मल्टिमीटरने इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. या गाड्यांत तो बहुतेक १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो. चारही आकडे एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं. एखादा ‘ओपन’ दाखवत असेल तर आतली कॉइल तुटली, तो साफ करून उपयोग नाही. रेझिस्टन्स बरोबर पण टिकटिक नाही, अशा वेळी इंजेक्टर आतून अडकलेला नसेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीयूत शोधा.

ज्या गाडीला ओबीडी (दोषाचे कोड वाचायचं सॉकेट) आहे तिथे स्कॅनर लावून कोड वाचता येतो. पी ०३०१ ते ०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर, पी ०२०१ ते ०२०४ म्हणजे त्या इंजेक्टरच्या सर्किटचा दोष. पण जुन्या गाड्यांत स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर चालेलच असं नाही, त्याच्या भरवशावर बसू नका.

आणखी एक तपासणी लोक नेहमी विसरतात. रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या, टोकाला प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग) असेल तर त्याचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. आत पेट्रोल ओलं लागलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. इंजिन तिथून फुकटचं पेट्रोल पितं, काळा धूर सोडतं, आणि दोष बिचाऱ्या इंजेक्टरवर येतो.

जागा आणि सामान

सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. अंगणात, गच्चीखालच्या मोकळ्या जागेत, वारा खेळता असेल तिथे गाडी लावा. आसपास गॅस गीझर, समई, उदबत्ती, बिडी, ग्राइंडर काही नको. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, आणि ते कसं उघडायचं हे आधीच वाचून ठेवा. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा की तुम्ही काय करताय.

सामान फार नाही : १० आणि १२ नंबरचे गोटी पाने, रॅचेट आणि एक्स्टेंशन, चपटा आणि फुली स्क्रू ड्रायव्हर, टोकदार पकड, मल्टिमीटर, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, स्वच्छ सुती फडकी, कार्ब क्लीनरचे दोन डबे, इंजेक्टरच्या तोंडावर घट्ट बसेल असा फ्युएल पाइपचा तुकडा आणि क्लिपा, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन-अडीच मीटर दोन पदरी वायर आणि दारावरच्या बेलचं पुश बटण.

आणि नव्या ओ-रिंगा, म्हणजे इंजेक्टरचे जोड गळू न देणाऱ्या रबरी कड्या. काम सुरू करण्याआधी त्या घरात आलेल्या असल्या पाहिजेत. एकदा निघालेली जुनी ओ-रिंग परत बसवायची नाही, कितीही चांगली दिसली तरी. दुकानात पेट्रोलसाठी चालणारी व्हायटॉनची मागा. साधी रबरी रिंग मापाला बसते, पण पेट्रोलमध्ये फुगते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या बनल्या तेव्हा ते कोणाच्या हिशेबात नव्हतं, म्हणून रबराच्या बाबतीत दहा-वीस रुपये वाचवू नका.

दाब उतरवणं

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात उत्तम. हा क्रम मोडू नका :

१. पेट्रोल टाकीचं झाकण उघडून टाकीतला दाब जाऊ द्या, मग झाकण परत लावा.

२. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. वेगळा फ्यूज सापडत नसेल तर अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचा कपलर असतो, तो काढा.

३. गाडी सुरू करा. रेलमधलं पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडेल. मग दोन-तीनदा थोडा थोडा सेल्फ मारा.

४. चावी काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. टर्मिनल परत टेकणार नाही असं बाजूला बांधा.

एवढं करूनही रेलमध्ये थोडं पेट्रोल राहतंच. म्हणून पाइप सोडवताना त्याभोवती फडकं गुंडाळायचं आणि तोंड बाजूला ठेवायचं.

रेल बाहेर काढणं

पाना लावण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. मग इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली धूळ ब्रशने मोकळी करा आणि सायकलच्या पंपाने फुंकून टाका. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली तर इंजेक्टर उपसताच ती माती सरळ इनटेकमध्ये पडते आणि तिथून व्हॉल्व्हवर.

एअर फिल्टरचा पाइप बाजूला करा. कपलरवर मार्करने १, २, ३, ४ लिहा. कपलर वायरीला धरून ओढायचा नाही. त्याला तारेची किंवा प्लास्टिकची क्लिप असते, ती दाबून कपलर मागे सरकवा. जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं, जोर लावला की तुकडा हातात येतो. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढा, पेट्रोलचा पाइप सोडवा, मग रेलचे बोल्ट. रेल आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) मध्ये प्लास्टिकचे ठोकळे असतात. ते घरंगळून खाली जातात आणि मग सापडत नाहीत, आधी त्यांच्यावर लक्ष ठेवा.

आता रेल दोन्ही हातांनी धरून हलकी डोलवत सरळ वर घ्या. इंजेक्टर रेलला लटकून एकत्र बाहेर येतात. अडलं तर बुडाशी थोडं तेल सोडून पाच मिनिटं थांबा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि मग तिथे ओ-रिंग कधीच नीट बसत नाही. इंजेक्टर निघाले की मॅनिफोल्डची भोकं लगेच स्वच्छ फडक्याने झाका आणि आत डोकावून खालच्या ओ-रिंगा तिथेच अडकल्या नाहीत ना ते बघा. जुन्या रिंगेवर नवी रिंग बसली की गळती ठरलेली.

साफ करणं

रेलमधून इंजेक्टर क्लिप काढून वेगळे करा आणि नंबरांप्रमाणे मांडून ठेवा. बाहेरून फडक्याने पुसा. वरच्या आणि खालच्या ओ-रिंगा काढून टाका, कारण कार्ब क्लीनरने त्या तशाही खराब होतात. वरच्या तोंडात बारीक जाळीची टोपली दिसेल, तो इंजेक्टरचा फिल्टर. नवी टोपली हातात असेल तरच जुनी काढा. योग्य जाडीचा स्क्रू तिच्यात दोन आटे फिरवून पकडीने सरळ ओढली की निघते.

खालच्या टोकाच्या भोकात सुई, तार, सेफ्टी पिन घालायची नाही. ते भोक इतक्या काटेकोर मापाचं असतं की एक ओरखडा पडला तरी फवाऱ्याची धार होते आणि इंजेक्टर कायमचा वाया जातो.

वरच्या तोंडावर फ्युएल पाइपचा तुकडा क्लिपने आवळा, दुसऱ्या टोकात कार्ब क्लीनरची बारीक नळी घट्ट बसवा. इंजेक्टरच्या दोन पिनांना वायरी जोडा. वायरीच्या लांबच्या टोकाला बटण आणि बॅटरी, फवाऱ्यापासून दोन मीटर दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. बटणात ठिणगी पडते, म्हणून हे अंतर. बटणावर एक माणूस, डब्यावर दुसरा असेल तर बरं.

इंजेक्टरचं टोक काचेच्या रुंद बाटलीत धरा. डबा दाबा आणि बटण टक-टक असं दाबत राहा, एका वेळी अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त नाही. सतत करंट दिला तर आतली कॉइल तापून जळते. पहिल्यांदा पिवळट, कधी काळपट द्रव येईल आणि धार वाकडी असेल. थोडा वेळ थांबून पुन्हा करा. आत साचलेला चिकट थर भिजायला वेळ लागतो. दहा मिनिटं भिजवणं हे सलग शंभर वेळा बटण दाबण्यापेक्षा जास्त कामाचं. फिल्टर टोपली काढलेली असेल तर उलट्या बाजूनेही फवारा द्या, अडकलेला कण आला त्या वाटेने परत जातो. टोपली जागेवर असेल तर उलटा फवारा नको.

पास-नापास ठरवायच्या दोन खुणा आहेत. बटण दाबल्यावर बारीक, सरळ, सारखा फवारा दिसला पाहिजे आणि चारही इंजेक्टरचा फवारा एकसारखा दिसला पाहिजे. आणि बटण सोडलं, पण डब्याचा दाब चालू आहे, अशा वेळी टोकावर मिनिटभर थेंब जमता कामा नये. थेंब गळणारा इंजेक्टर अडकलेल्यापेक्षा वाईट. गाडी उभी असताना तो सिलिंडरमध्ये पेट्रोल टपकवत राहतो, तापलेलं इंजिन परत सुरू व्हायला वेळ घेतं आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर इंजेक्टरबरोबर ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला.

हे करूनही फवारा सुधारला नाही तर अल्ट्रासॉनिक मशीन असलेल्या दुकानात फक्त इंजेक्टर घेऊन जा. तिथे काचेच्या नळ्यांत चौघांचं माप शेजारी शेजारी दिसतं. काढण्या-बसवण्याची मजुरी तुमची वाचलेली असते. टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल माझं मत असं : नुकतंच साचू लागलेल्या मळाला त्या थोडा फरक पाडतात, वर्षानुवर्षं जमलेला थर त्यांना हलत नाही.

बदलायचाच असेल तर

जुना इंजेक्टर हातात घेऊन दुकानात जा आणि त्यावर कोरलेला नंबर दाखवा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसकडचा स्पेअर पार्टचा बाजार, अशा ठिकाणी तो नंबर बघूनच माल काढतात. फक्त गाडीचं नाव सांगितलं तर दिसायला सारखा पण वेगळ्या फ्लोचा इंजेक्टर मिळू शकतो. कपलर बसतो, उंची जुळते आणि गाडी तरीही लंगडते. एकच बदलावा की सेट? एक जळला आणि बाकीचे साफ करून उत्तम निघाले तर एक पुरे. भंगारातला घेणार असाल तर वर सांगितलेली रेझिस्टन्सची आणि थेंबाची तपासणी करूनच बसवा.

साफ किंवा नवे इंजेक्टर बसवण्याआधी फ्युएल फिल्टर बदला. टाकीतली घाण तशीच येत राहिली तर पुन्हा तेच होणार.

परत बसवणं

नव्या ओ-रिंगांना इंजिन ऑइलचा बोट फिरवण्याएवढा हात द्या. सिलिकॉन ग्रीस नको, त्याने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. इंजेक्टर आधी रेलमध्ये सरळ दाबून बसवा, क्लिप लावा, मग अख्खी रेल मॅनिफोल्डवर टेकवून दोन्ही बाजूंनी सारखी दाबा. ठोकळे जागेवर आहेत ना? बोल्ट हाताने फिरवत आणा, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, आखूड रॅचेटवर मनगटाचा जोर पुरतो. या क्षणी प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडासा गोल फिरला पाहिजे. जाम झाला असेल तर ओ-रिंग दुमडली आहे, परत काढा.

कपलर नंबराप्रमाणे, व्हॅक्यूम पाइप, पेट्रोल पाइप नव्या क्लिपने, शेवटी फ्यूज आणि बॅटरी.

सेल्फ मारण्याआधी

चावी फक्त ‘ऑन’ करा. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. चावी बंद करा, परत ऑन. असं चार-पाच वेळा केलं की रेल भरते. आता टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरचा वरचा जोड आणि पाइपचा जोड बघा, टिश्यू पेपर फिरवा. थोडीशीही ओल दिसली किंवा वास आला तर सेल्फ मारायचा नाही. पुन्हा दाब उतरवा, रेल काढा, ओ-रिंग बघा. ‘चालवल्यावर बसेल’ हा हिशेब इथे लागत नाही.

कोरडं असेल तर सुरू करा. पहिली काही सेकंदं गाडी खडखडेल, हवा निघते आहे. इंजिन तापेपर्यंत आयडलला ठेवा आणि जोड परत तपासा. बॅटरी सोडवल्यामुळे काही गाड्यांत आयडल सुरुवातीला वर-खाली होतं. ईसीयू पंधरा-वीस किलोमीटरमध्ये सावरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर बोनेट उघडून एकदा वास घ्या. थंडीत आकसलेली ओ-रिंग तेव्हाच उघडी पडते.

मिसिंग अजूनही त्याच सिलिंडरवर असेल तर त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करून बघा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर तोच गुन्हेगार. दोष जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन तपासायला गाडी मिस्त्रीकडे न्या.

वापरलेला कार्ब क्लीनर आणि पेट्रोल गटारात ओतू नका. झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, उघड्यावर पसरून वाळवायची.

सीएनजी किट असेल तर

काम सुरू करण्याआधी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा आणि गॅसच्या पाइपांना, गॅस इंजेक्टरना हात लावू नका. सिक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असतो त्यात) पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी किटच्या ईसीयूतून फिरवलेल्या असतात, त्यामुळे कपलरवर नंबर टाकणं दुप्पट महत्त्वाचं.

सीएनजीवर पळणाऱ्या गाड्यांचेच पेट्रोल इंजेक्टर लवकर तुंबतात. टाकीत कोपऱ्यात पाच लिटर पेट्रोल, तेही महिनोन्‌महिने जुनं, आणि इंजेक्टर दिवसभर गरम इंजिनावर बिनकामाचे बसलेले. आतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा आणि टाकीतलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांत संपेल इतकंच भरा.